ओढा इथला, क्रेडिट तिथलं

(पडद्यावर: रस्त्याकडेची लोखंडी जाळी. पावसाचं पाणी खळखळत आत जातंय.)

फेअरफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया. सर येऊन दहा मिनिटंही झाली नाहीत. छपरावरचं पाणी पन्हळीतून ड्राइव्हवेवर, तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून या जाळीत. सोबत सडकी पानं, कुत्र्यांची घाण, कुठल्याशा बांधकामाची माती. आणि या सगळ्याला चिकटून आलेला फॉस्फरस.

जाळीखालचा पाइप शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही. तो ओढ्यात उघडतो. ॲकोटिंक हा त्यातलाच एक ओढा. ॲकोटिंक जातो पोटोमॅक नदीला, आणि पोटोमॅक चेसापीकच्या खाडीला.

ही खाडी 320 किलोमीटर लांब, पण सरासरी खोली 6.5 मीटरही नाही. फॉस्फरस आणि नायट्रोजन वाढले की शेवाळ माजतं, आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. भर उन्हाळ्यात तळाशी खेकडासुद्धा टिकत नाही असे पट्टे तयार होतात. म्हणून डिसेंबर 2010 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मर्यादा घातली: सहा राज्यं आणि वॉशिंग्टन शहर मिळून खाडीत वर्षाला 1 कोटी 25 लाख पौंडांपर्यंतच फॉस्फरस जाऊ द्यायचा.

त्यातला वाटा गावोगावच्या पावसाळी गटारांवर आला. व्हर्जिनियात हे पाणी ओढ्यात सोडायचे पाच-पाच वर्षांचे तीन परवाने ठरले. पहिल्यात ठरलेल्या कपातीच्या 5 टक्के, दुसऱ्याअखेर 40, तिसऱ्याअखेर पूर्ण 100.

आता भरवस्तीत हे करायचं म्हणजे जागा हवी. तळं खोदा, रस्ता उकरा, पाणी मुरवणारे वाफे करा. पौंडभर फॉस्फरस अडवायला हजारो डॉलर सहज जातात.

(पडद्यावर: जुनं कुरण. पाइनची गुडघाभर रोपं, ओळीने.)

दुसरी वाट ही. इथे पूर्वी गुरं चरायची. शेतकऱ्याने आधी कायद्याची किमान अट पाळायची, म्हणजे ओढ्याकाठी झाडोरा राखायचा, गुरांना कुंपण घालायचं. त्यापुढे जाऊन जमीन कायमची जंगलाला दिली, तर दरवर्षी जेवढा फॉस्फरस वाहायचा थांबला, त्याची राज्य सरकार मोजदाद करतं. एक पौंड, एक क्रेडिट. ते नगरपालिका विकत घेते आणि आपल्या परवान्याच्या खात्यात जमा दाखवते. या देवघेवीचा कायदा 2005 चा. सुरुवात सांडपाणी केंद्रांपासून झाली, पावसाचं पाणी नंतर त्यात आलं.

ऐकायला हे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण खाडीच्या बाजूने बघा. रामेश्वराचं पाणी तिथेच आणि सोमेश्वराचंही तिथेच. क्रेडिट त्याच नदीखोऱ्यातलं असेल, तर हा हिशेब खोटा नाही. उलट स्वस्तात जंगल वाढलं. मला तरी यात फसवणूक दिसत नाही.

अडतं ते ओढ्यापाशी. क्रेडिट पौंड मोजतं, पाण्याचा लोंढा मोजत नाही. डांबरावरून सुटलेलं पाणी एकदम येतं आणि काठ खरवडून नेतं. त्या मातीतही फॉस्फरस असतोच. त्याच पर्यावरण खात्याने ॲकोटिंकपुरती या लोंढ्यावरच मर्यादा घालून पाहिली. राज्य आणि काउंटी दोघं कोर्टात गेले. जानेवारी 2013 मध्ये संघीय न्यायालयाने निकाल दिला: कायदा प्रदूषकावर मर्यादा घालू देतो, आणि पावसाचं पाणी हे स्वतः प्रदूषक नव्हे.

शब्दशः बरोबरच आहे म्हणा.

क्रेडिट घेऊन स्थानिक पाण्याची प्रत बिघडवता येणार नाही, असंही कायद्यात लिहिलंय. ते बघायचं कसं, तर ओढ्यात उतरून.

(पडद्यावर: ॲकोटिंक. पाऊस थांबलाय.)

पाणी आता घोट्याएवढं. काठ भिंतीसारखा उभा तुटलेला, झाडाची मुळं हवेत. एका मुळाला किराण्याची प्लास्टिकची पिशवी अडकलीय, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. अजून ठिबकतेय.