आधी ओढा, मग सॉफ्टवेअर

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. सभागृहात येताना दारातच एका मुलानं मला गाठलं. "मॅडम, जीआयएस शिकायचंय, कोणता कोर्स करू?" मी विचारलं, राहतोस कुठे? म्हणाला, सहकारनगरला. मग म्हटलं, तुमच्या भागातून आंबिल ओढा जातो, तिथून सुरुवात कर. त्याला वाटलं असेल, मॅडमनी प्रश्न टाळला. मी टाळला नव्हता. पुढचा वेळ मी त्याच उत्तरावर बोलणार आहे.

जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. व्याख्येत फार वेळ घालवत नाही. नकाशावर विहिरीचा ठिपका असतो. त्या ठिपक्यामागे एक तक्ता असतो: विहीर किती खोल, कुणाची, मार्चनंतर पाणी टिकतं का. तुम्ही तक्त्याला प्रश्न विचारता आणि उत्तर नकाशावर उमटतं. सुरुवातीला एवढं समजलं तरी काम चालू होतं.

आता ओढ्याकडे येऊ. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथल्या अनेकांना आठवत असेल. कात्रजच्या बाजूनं आलेलं पाणी अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी करत दांडेकर पुलापर्यंत घरांत घुसलं. माणसं गेली. पुण्याला पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ चा पानशेतचाच आठवतो, पण या वेळी नदीनं नव्हे, ओढ्यानं घात केला होता. दुसऱ्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, "एवढं पाणी आलं कुठून?" मी फळ्यावर कात्रज आणि दांडेकर पूल काढले, मधे एक रेघ ओढली आणि थांबले. त्या रेघेला दोन्ही बाजूंनी कोणकोणत्या टेकड्यांचं पाणी मिळतं, हे मला फळ्यावर दाखवता येईना. त्या दिवसापासून माझ्या वर्गात जीआयएस ओढ्यापासून सुरू होतं.

सॉफ्टवेअर कोणतं? क्यूजीआयएस. फुकट आहे म्हणून मी ते सांगते असा समज होतो, तो दूर करते. मी शिकत होते तेव्हा आमच्या विभागात एकाच संगणकावर एक परवान्याचं सॉफ्टवेअर होतं. प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात परवान्याची मुदत संपली. नकाशे माझे, मोजमापं माझी, उन्हातान्हात फिरून गोळा केलेले ठिपके माझे, आणि फाइल काही उघडेना. नवा परवाना येईपर्यंत हातावर हात ठेवून बसावं लागलं. आपलं काम दुसऱ्याच्या कुलपात राहू नये, हे मला तेव्हा पटलं.

क्यूजीआयएस २००२ मध्ये अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी सुरू केलं. लिनक्सवर आपला नकाशाचा डेटा बघता यावा, एवढीच त्यांची गरज होती. २००९ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती आली. तेव्हा त्याचं नाव क्वांटम जीआयएस होतं, २०१३ पासून नुसतं क्यूजीआयएस. त्याच्या पोटात ग्रास नावाची आणखी जुनी प्रणाली चालते. ती १९८२ पासून अमेरिकी लष्कराच्या एका बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत घडली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. उतरवून घेताना वेबसाइटवर दोन आवृत्त्या दिसतील. दीर्घकाळ सांभाळली जाणारी, म्हणजे एलटीआर, घ्या. नव्या सोयींचा मोह शिकणाऱ्यानं धरू नये. शेजारच्याच्या पडद्यावर आहे तेच आपल्या पडद्यावर असलं की अर्धे प्रश्न सुटतात.

आता ओढा काढू. त्यासाठी उंचीचा नकाशा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या एंडेव्हर या अंतराळयानानं रडारनं जगाच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. एसआरटीएम म्हणतात तो हाच डेटा. आपल्या इस्रोचा असाच उंचीचा डेटा, कार्टोडेम, 'भुवन' या त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन्हींत साधारण ३० मीटरचे चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात उंचीचा एक आकडा.

मग क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग मेनूत जाऊन ग्रासचं आर.वॉटरशेड हे साधन चालवायचं. ते आत काय करतं हे समजल्याशिवाय बटण दाबू नका. ढोबळमानानं सांगते. प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो आणि माझं पाणी कुणाकडे उतरेल ते ठरवतो. त्याचं पाणी पुढच्याकडे, त्याचं त्याच्या पुढच्याकडे. मग प्रत्येक चौकोन मोजतो, माझ्यातून वरच्या किती चौकोनांचं पाणी जातं. माथ्यावरच्या चौकोनाचं उत्तर शून्य येतं, खाली दरीत हजारो. ज्यांचा आकडा मोठा तेवढे गडद रंगवले की पडद्यावर झाडाच्या फांद्यांसारखे ओढे उमटतात. ओढा कुठं आहे हे कुणी संगणकाला सांगितलेलं नसतं, फक्त उंची दिलेली असते. ही गोष्ट मी कितीतरी वर्गांना दाखवली, पण फांद्या उमटताना वर्ग गप्प होतो तो क्षण मला अजूनही नवाच वाटतो.

इथं एक आकडा तुम्हाला द्यावा लागतो: किती चौकोनांचं पाणी एकत्र आलं की त्याला ओढा म्हणायचं? हजार म्हटलं तर जवळपास ०.९ चौरस किलोमीटरचं पाणी. शंभर म्हटलं तर टेकडीची प्रत्येक घळ ओढा होते. दहा हजार म्हटलं तर कात्रजकडच्या बारीक फांद्या नाहीशा होतात. योग्य आकडा पुस्तकात सापडत नाही. तो टेकडीवर फिरून ठरतो.

आता ३० मीटरचा चौकोन म्हणजे किती जमीन? ९०० चौरस मीटर, आपल्या हिशेबानं जवळपास नऊ गुंठे. शहरात ओढ्याचं पात्र कितीतरी ठिकाणी एका चौकोनाच्या रुंदीतही भरत नाही. शिवाय रडारनं इमारतींचे माथेही मोजलेत, त्यामुळे दाट वस्तीत संगणक पाण्याला भलत्याच गल्लीत वळवतो. त्यात आंबिल ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवलेला आहे. आज तो वाहतो तो मार्ग माणसानं आखलेला आहे, आणि हा इतिहास उंचीच्या आकड्यांना ठाऊक नसतो. म्हणून माझ्या वर्गाचा नियम आहे: संगणकानं काढलेली रेघ निळी, पायी चालून काढलेली लाल. दोन्ही एकाच नकाशावर ठेवायच्या आणि त्या वेगळ्या होतात तिथं जाऊन बघायचं.

आता प्रोजेक्शनचा विषय. मराठीत प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर पसरवण्याची रीत. शिकणारे इथंच सर्वाधिक कंटाळतात आणि इथंच सर्वाधिक फसतात, म्हणून मी यावर रेंगाळणार आहे.

एक प्रयोग करा. हवेली तालुक्यातलं बरोबर एक एकराचं, म्हणजे चाळीस गुंठ्यांचं शेत काढा. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये त्या आकृतीचं सपाट क्षेत्रफळ काढा. लेयर, म्हणजे नकाशाचा तो थर, ४३२६ या क्रमांकाच्या पद्धतीत, म्हणजे नुसत्या अक्षांश-रेखांशात असेल तर उत्तर येईल ०.००००००३ च्या आसपास. हे चौरस अंश आहेत. चौरस अंशांत जमीन कुणी विकत घेत नाही. मग वेबवरच्या बहुतेक नकाशांचं प्रक्षेपण, क्रमांक ३८५७, त्यात तेच शेत मोजा. चाळीस गुंठ्यांचे जवळपास पावणेपंचेचाळीस होतात. बांध एक वीतही हललेला नसतो. विषुववृत्तापासून दूर जावं तसं ते प्रक्षेपण जमीन फुगवतं, आणि पुण्याच्या अक्षांशावर ही फुगवटी अकरा-बारा टक्क्यांची आहे. भावांच्या वाटणीत पावणेपाच गुंठे म्हणजे काय, हे या सभागृहात मी कुणाला सांगायला नको. पुण्यासाठी यूटीएमचा, म्हणजे जगाचे उभे पट्टे करून मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा, ४३ उत्तर हा पट्टा घ्या, क्रमांक ३२६४३. त्यात चाळीस गुंठे चाळीसच राहतात. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दुसरी चूक माझी स्वतःची, ती सांगते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भागाभागानं छापलेल्या नकाशांवर, १८ अंश ३० मिनिटांच्या अक्षवृत्ताला एक शीट संपतं. ते अक्षवृत्त स्वारगेट-पर्वतीच्या जवळून जातं. त्यामुळे पुणं दोन शीटवर आहे: पेठा ४७ एफ/१४ वर, कात्रज ४७ एफ/१५ वर. आपला ओढा एका शीटवर उगम पावतो आणि दुसऱ्यावर मुठेला मिळतो. मी दोन्ही शीट स्कॅन करून बसवली. एकाला जुना डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, दिला; जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या लंबगोल आकारावरचा, जो त्या नकाशांचा खरा आधार आहे. दुसऱ्याला घाईत आजच्या जीपीएसचा, डब्ल्यूजीएस ८४, देऊन टाकला. पर्वतीपाशी ओढा तुटला. वरचं टोक एकीकडे, खालचं शंभरेक मीटर बाजूला. दोन दिवस मी रेघा पुन्हा पुन्हा ओढत बसले, कारण रेघच चुकली असं वाटत होतं. चूक रेघेत नव्हती, खालच्या पायात होती. तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की आधी तिचा डेटम विचारते, मग ती उघडते.

मराठीत माहिती भरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. नकाशाची माहिती सगळीकडे शेपफाइल या स्वरूपात फिरते. एक तर ती एक फाइल नसते. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे अशी भावंडं असतात आणि मुलं नेमकी एकच ईमेल करतात. दुसरं, तिच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट जागा असते. रोमन लिपीत ती दहा अक्षरं. देवनागरीत यूनिकोडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे हाताशी उरली तीन चिन्हं. तुम्ही हौसेनं 'गावाचे_नाव' लिहिता आणि उरतं 'गाव'. शेजारी 'गावाचा_कोड' असेल तर त्याचंही 'गाव'च. म्हणून शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हे स्वरूप वापरा. सगळं एका फाइलमध्ये राहतं, रकान्याची नावं पूर्ण लिहिता येतात. आपल्या माणसांनी आपल्या लिपीत माहिती भरावी असं वाटत असेल, तर हा मुद्दा तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही.

आणि तक्ते जोडताना गावाच्या नावावर विसंबू नका. पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक आहे, वडगाव खुर्द आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव मावळ आहे. जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यावर जोडा. नावावर जोडलंत तर बुद्रुकची लोकसंख्या खुर्दच्या नकाशावर जाऊन बसते आणि नकाशा इतका सुबक दिसतो की कुणाला शंका येत नाही.

डेटा कुठून आणायचा, हे आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोक स्वतः भरतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरची चित्रं मोफत आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारनं भूस्थानिक माहितीबद्दलची नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि भारतीय व्यक्ती-संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी घ्यायची अट बरीचशी गेली. संवेदनशील ठिकाणांचे नियम कायम आहेत, ते पाळायचे.

शेवटी लाल रेघेबद्दल. आम्ही मोबाइलवर क्यूफील्ड घेऊन ओढ्याच्या काठानं चाललो. ते क्यूजीआयएसचाच प्रकल्प फोनवर उघडतं. मोकळ्या जागी फोन चार-पाच मीटरच्या चुकीत ठिपका देतो, दाट गल्लीत त्याहून जास्त, म्हणून प्रत्येक ठिपक्यासोबत फोटो घ्यायचा. निळी रेघ आणि लाल रेघ जिथं फारच दूर गेल्या होत्या, तिथं एका दारात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मुलांनी विचारलं, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं? आजी उठल्या, आत गेल्या, भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि खांद्याजवळ हात ठेवून म्हणाल्या, "इथवर." रंगाच्या नव्या थराखाली ओलीची रेघ अजून अंधुक दिसत होती. एका मुलीनं टेप धरला, दुसऱ्यानं आकडा भरला. मग आजींनी फोनमध्ये डोकावून विचारलं, माझं घर यात कुठंय? मुलीनं ठिपका दाखवला. आजी म्हणाल्या, "हे तर पलीकडच्यांचं घर झालं." ठिपका गल्ली ओलांडून पडला होता. मुलीनं तो बोटानं उचलून त्यांच्या दारात आणून ठेवला.

बाहेर टेबलावर तो नकाशा ठेवला आहे. ज्यांना लाल रेघ पुढे न्यायची आहे, त्यांनी शेजारच्या वहीत नाव आणि आपल्या भागातला ओढा लिहावा.