एक विहीर, पाच दारं

(महाविद्यालयीन शिक्षक आणि स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीलाच सांगून टाकतो, अनुदान देणाऱ्या संस्थांची यादी मी आणलेली नाही. यादी मोबाइलवर मिळते, आणि बघता बघता शिळीही होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लघु आणि बृहद् संशोधन प्रकल्प आठवतात ना? इथे बसलेल्या, केस पिकलेल्या बऱ्याच जणांचं पहिलं संशोधन त्या पैशांवर झालं असेल. त्या योजना बंद पडल्या आणि कितीतरी कॉलेजांतल्या मंडळींनी संशोधनाचा नादच सोडला. एकच दार माहीत होतं, ते लागलं, मग घरी बसले. त्यामुळे आज मी एकच प्रश्न घेणार आहे आणि तो घेऊन वेगवेगळ्या दारांशी जाणार आहे.

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातला. पांढरकवड्याच्या बाजूला भूजलात फ्लोराईड आहे. चंद्रपूरला आहे, नांदेडमध्ये किनवटकडे आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर गेलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं की सांधे आणि कणा धरतो. समजा, तुम्ही तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता आणि तुम्हाला यावर काही करायचं आहे. पैसे कुठून आणाल?

मी स्वतः रसायनशास्त्राचा माणूस नाही. प्रकल्प कक्षात बसून दुसऱ्यांचे प्रस्ताव वाचायचे, दुरुस्त करायचे आणि पुढे त्यांच्याच उपयोगिता प्रमाणपत्रांच्या, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यांच्या, मागे लागायचं, हे माझं काम. त्या खुर्चीतून दिसतं ते असं: अशा प्रश्नावर एकच मजकूर तयार होतो, ‘प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती’, आणि तोच पहिलं पान बदलून पाच ठिकाणी जातो. पाचही ठिकाणांहून परत येतो. प्रश्न खरा असतो, माणूस हुशार असतो. देणाऱ्याला त्या विहिरीत काय दिसतं, एवढंच कोणी पाहिलेलं नसतं.

पहिलं दार दिल्लीचं, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ती झाली आणि संशोधनाला निधी देणारं जुनं मंडळ, एसईआरबी, तिच्यात विलीन झालं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये असं जाहीर झालं. आकड्याने हुरळून जाऊ नका, कारण त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून, यायचे आहेत. एएनआरएफला तुमच्या विहिरीत नवं ज्ञान हवं आहे. शेजारच्या उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त का, खडक आणि पाणी यांच्यात नेमकं काय घडतं, फ्लोराईड शोषणारा नवा पदार्थ कसा बनवायचा, हे प्रश्न तिथले. ‘गावात बारा फिल्टर बसवू’ असं तिथे लिहिलंत की परीक्षक पुढचं पान उलटत नाही. त्याचं चुकत नाही, त्याला ते काम दिलेलंच नाही. लहान कॉलेजाला एकट्याने हे जमणार नसेल तर तिथे ‘पेअर’ नावाची योजना आहे. एक मोठी संस्था मधोमध आणि तिच्याभोवती राज्य विद्यापीठांसारख्या संस्था, अशी तिची रचना. कोणत्या मोठ्या संस्थेत आपल्या विषयाचा माणूस आहे हे शोधून त्याला चार ओळींची ई-मेल टाकायला पैसे पडत नाहीत, पण आपल्याकडे संकोच फार.

दुसरं दार समाजशास्त्रवाल्यांचं. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, १९६९ ची. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक तिचे पहिले सदस्य-सचिव होते, आणि कलिना संकुलात तिचं पश्चिम विभागीय केंद्र ज्या इमारतीत आहे तिला त्यांचंच नाव आहे. रसायनाचा माणूस तिथे जात नाही. का नाही जात? हातपंपाला लाल रंग मारलेला आहे, पाणी वाईट आहे हे गावाला ठाऊक आहे, तरी बायका तिथूनच घागर भरतात. दुसरी विहीर कुणाच्या वस्तीत आहे? तिथे जायला किती वेळ लागतो? आरओचं वीस लिटरचं कॅन कोणाला परवडतं? हा सामाजिक शास्त्रांचा अस्सल प्रश्न आहे. तुमच्याच कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या मॅडमना बरोबर घ्या आणि प्रमुख संशोधक त्यांना होऊ द्या. इथेच गाडी अडते हे मला माहीत आहे. पुढे जाऊ.

तिसरं दार तंत्रज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्यांचं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागात ‘सीड’ नावाचा भाग आहे, तो समाजोपयोगी तंत्रज्ञानाला पैसे देतो आणि त्यात स्वयंसेवी संस्थांनाही जागा आहे. आपल्या राज्यात २००४ पासून राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोग आहे. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातलं विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच्याच मदतीने उभं राहिलं. इथे विचारलं जाईल की तुमचा फिल्टर गावात तिसऱ्या वर्षी चालू असेल का. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराईड काढायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली, तिला अनेक दशकं झाली. फ्लोराईड शोषून घेणाऱ्या ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे फिल्टरही जुने आहेत. तरीही गावोगाव बंद पडलेल्या टाक्या का दिसतात? कारण फिल्टरमधल्या या शोषक माध्यमाची क्षमता संपली की ते धुऊन पुन्हा वापरायोग्य करावं लागतं, ते कोणी करायचं हे ठरलेलं नसतं आणि त्यासाठी कोणाच्या खात्यात पैसे नसतात. तुमच्या प्रस्तावात त्या माणसाचं आणि त्याच्या मानधनाचं एक पान असेल, तर वाचणारा सरसावून बसतो.

चौथं दार कंपन्यांचं, सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजासाठी करायचा खर्च. याबद्दल आपल्याकडे गैरसमज फार, म्हणून इथे थोडा थांबतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करायची. कशावर, ते सातव्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. सुरक्षित पिण्याचं पाणी त्यात आहे, आरोग्य आणि शिक्षण आहे, आणि सरकारी पैशांवर चालणाऱ्या विद्यापीठांच्या विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनाला देणगी हेही आहे. शेवटची बाब कित्येक कुलसचिवांना माहीत नसते. कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो. म्हणजे वणीकडच्या गावासाठी मुंबईच्या बँकेचे उंबरे झिजवण्याआधी तिथल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींकडे आणि आसपासच्या सिमेंट कारखान्यांकडे बघायचं.

स्वयंसेवी संस्थांनी तीन गोष्टी तपासाव्यात: आयकराची बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदणी, सीएसआर-१ हा अर्ज, जो एप्रिल २०२१ पासून लागतो, आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. काल काढलेल्या संस्थेला कंपनी इच्छा असली तरी देऊ शकत नाही. अशा नव्या संस्थेने जवळच्या जुन्या संस्थेबरोबर काम करावं. आणि वेळ सांभाळा. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आर्थिक वर्ष सुरू होताना ज्याचा कागद टेबलावर असतो त्याचा विचार होतो. फेब्रुवारीत धावपळीने दिलेल्या पैशातून यंत्रं येतात, उद्घाटन होतं, फोटो निघतो. मला त्या पैशाची थोडी भीतीच वाटते, पण हे माझं मत.

परदेशी पैशाबद्दल दोनच वाक्यं. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दोघांकडे नोंदणी असली तरीही. ‘आम्ही घेतो, तुम्हाला देतो’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे चहा पिऊन निघा.

पाचवं दार सगळ्यात जवळचं, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित: ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी जो निधी दिला, त्यातला ६० टक्के बांधील होता, निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. त्याचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. तुमचा प्राध्यापक त्या ग्रामसभेला गेला आहे का? गावात जलसुरक्षक असतो, फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या महिला असतात, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात. हे सगळं कोणीतरी एकत्र मांडून दाखवलं तर सरपंचाला हवंच आहे. वर जिल्हा नियोजन समिती आहे, जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. इथून संशोधनाला मोठी रक्कम मिळणार नाही. पण ‘या गावाने स्वतःचे एवढे रुपये घातले आहेत’ ही ओळ दिल्लीच्या अर्जात लिहिता येते, आणि तिचं वजन दहा शोधनिबंधांपेक्षा जास्त पडलेलं मी पाहिलं आहे.

आता कोणी म्हणेल, एका कामाचे असे तुकडे करून पाच जणांकडून पैसे घेणं म्हणजे कसरतच. कसरत आहे खरी, पण आपल्या मातीत ती नवी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा कुठलाही जुना खंड उघडा आणि मुखपृष्ठानंतरचं पान वाचा. आश्रयदात्यांची रांगच दिसते: औंधचे राजे, हिंदुस्थान सरकार, मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश इथली प्रांतिक सरकारं, हैदराबाद, बडोदा, भावनगर, फलटण, म्हैसूर ही संस्थानं, मुंबई विद्यापीठ. काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. मधल्या काळात एक महायुद्ध झालं, ब्रह्मदेश वेगळा झाला, संस्थानं गेली, सरकार बदललं. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ साली गेले, मग बेलवलकर आले, मग वैद्य. एकाच दात्यावर हे काम उभं असतं तर मध्येच कुठेतरी थांबलं असतं. आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचं बघा. लाख रुपयांचं वचन त्यांचं, पण ते स्वतः चित्रकार. त्यांना महाभारतात चित्रं दिसत होती, पंडितांना हस्तलिखितांतले पाठभेद दिसत होते. आवृत्तीत राजेसाहेबांची चित्रं आहेत आणि पाठभेदही आहेत. संहितेतल्या एका अक्षरालाही त्यासाठी धक्का लागला नाही. दात्याला काय दिसतं ते ओळखून त्याला जागा कशी करून द्यायची, हे इतकं नीट मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आता अंदाजपत्रक. नव्वद टक्के प्रस्तावांत, हा माझा ढोबळ अंदाज आहे, अंदाजपत्रक शेवटच्या रात्री लिहिलेलं असतं. त्यात यंत्र असतं, माणूस नसतो. फ्लोराईड मोजायला आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड पुरत असताना भलंमोठं आयन क्रोमॅटोग्राफ मागतात, कारण विभागाला ते हवं असतं. परीक्षकही कुठल्यातरी विभागातच वाढलेला असतो, त्याला हे लगेच कळतं. माणसाचा हिशोब असा करा: जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधन अधिछात्राला, म्हणजे जेआरएफला, महिना ३७,०००, म्हणजे दोन वर्षांचे ८,८८,०००. तिसऱ्या वर्षी वरिष्ठ झाला की ४२,०००, म्हणजे ५,०४,०००. एकूण १३,९२,००० आणि घरभाडं वेगळं. आता जीपचं भाडं, बाटल्या, रसायनं, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने घ्यायला दोन फेऱ्या. हे सगळं मांडलं की प्रश्नच आपोआप आटोपशीर होतो. ऐंशी गावांची वीस गावं होतात, आणि वीस गावांचं काम खरोखर होतं.

राहिला हिशोब देण्याचा भाग. पहिला हप्ता येतो तेव्हा पेढे वाटले जातात, दुसरा अडकतो तेव्हा मला फोन येतो. दुसरा हप्ता अडकण्याचं कारण विज्ञानात क्वचितच असतं. एका कॉलेजात सहा महिने पैसे थांबले, कारण खर्चाच्या विवरणपत्रात ‘आकस्मिक खर्च’ या शीर्षाखाली प्रवासाची बिलं घातली होती आणि मंजुरीपत्रात प्रवास हे शीर्ष वेगळं होतं. पैसे खाल्ले नव्हते, प्रवास झाला होता, जीपवाल्याची पावतीसुद्धा होती. पण शीर्ष चुकलं. केंद्राचं अनुदान असेल तर त्यावर मिळालेलं व्याजसुद्धा आपलं नसतं, ते भारतकोश या सरकारी पोर्टलमार्फत परत भरावं लागतं. हे ऐकून प्राचार्यांचे चेहरे पडतात. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आधी बघायची, नसेल तर तसं नोंदवून बाहेरून घ्यायची. यंत्राची ऑर्डर डिसेंबरच्या आत निघाली पाहिजे, नाहीतर बिल एप्रिलमध्ये येतं आणि वर्ष बदललेलं असतं.

यासाठी प्रस्ताव लिहितानाच लेखापालाला शेजारी बसवा. कोणतं शीर्ष कुठलं बिल खातं हे त्याला ठाऊक असतं आणि तुम्हाला नसतं. आपल्याकडे त्याला मंजुरीपत्र आल्यावरच कळवतात की असा काही प्रकल्प आहे. आज या सभागृहात लेखा विभागातले कोण आहेत, हात वर करा बरं. दोघंच? ठीक आहे. जेवणानंतर त्या दोघांना मध्ये बसवून सामान्य वित्तीय नियमांतला १२-अ नमुना, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्राचाच, आपण प्रत्यक्ष भरणार आहोत. कोरे कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत, प्रत्येक गटाने दोन-दोन घ्या.