गोळ्यांची वही

माझ्या आईची एक दोनशे पानी वही आहे. एप्रिल 2021 मध्ये पुण्यातील आमच्या घरी वडिलांना कोविड झाला, तेव्हा मागच्या खोलीच्या दाराबाहेर एका स्टुलावर ती ठेवलेली असे. वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी आणि गोळ्या असे पाच रकाने तिने पट्टीने आखले होते. गोळ्यांच्या रकान्यात पहिल्या दिवशी ‘सकाळी 9, रात्री 9’ अशी नोंद आहे. वाचणाऱ्याला ती घड्याळातली वेळ वाटेल. पण ती गोळ्यांची संख्या आहे.

औषध होते फॅविपिराविर. इन्फ्लुएन्झासाठी जपानमध्ये तयार झालेल्या या औषधाला तेथे 2014 मध्ये मर्यादित मान्यता मिळाली होती. सौम्य आणि मध्यम कोविडमध्ये तातडीच्या वापरासाठी भारतात जून 2020 मध्ये परवानगी मिळाल्यावर मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने ते फॅबिफ्लू या नावाने आणले, आणि 34 गोळ्यांच्या स्ट्रिपची किंमत सुरुवातीला 3,500 रुपये होती. पहिल्या दिवशी 1,800 मिलिग्रॅम दोनदा आणि पुढे 800 मिलिग्रॅम दोनदा अशी मात्रा असल्यामुळे 200 मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दिवशी 18 आणि नंतर रोज 8 घ्याव्या लागत.

विषाणू आपल्या पेशींत शिरून स्वतःच्या आरएनएच्या, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या, प्रती काढतो, आणि त्या प्रती काढणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कामात अडथळा आणणे एवढेच या औषधाचे काम आहे. विषाणूची ही वाढ लक्षणे सुरू होण्याच्या आसपास सर्वाधिक असते; पुढे ज्यांचा आजार बळावतो, त्यांच्या फुप्फुसांना होणारी इजा बरीचशी शरीराच्या स्वतःच्याच दाहामुळे होते, आणि त्या दाहावर विषाणूविरोधी गोळीचा इलाज चालत नाही. म्हणून दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून, चाचणीच्या अहवालापासून नव्हे. वडिलांना ताप आला शनिवारी, स्वॅब दिला सोमवारी, अहवाल आला बुधवारी रात्री आणि पहिली गोळी पोटात गेली गुरुवारी. आईच्या वहीत तो पहिला दिवस आहे. आजाराचा मात्र तो सहावा दिवस होता.

चौथ्या दिवसाच्या पानावर समासात लिहिले आहे, ‘उजव्या पायाचा अंगठा सुजला, चादरही सहन होत नाही.’ फॅविपिराविरमुळे रक्तातील युरिक ॲसिड वाढते, ते सांध्यात साचले की अशी सूज येते, आणि वडिलांना त्याचा जुना त्रास होता. फोनवर डॉक्टरांशी बोलताना मधुमेह सांगितला, रक्तदाब सांगितला. हे मात्र आमच्याकडून सांगायचे राहून गेले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या. वडील घरीच बरे झाले, पण त्याचे श्रेय या औषधाला देता येईल असे मला वाटत नाही. एप्रिल 2021 च्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेत ते नव्हतेच, आणि रुग्णालयात दाखल होणे त्याने टळते, असेही मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही. त्या दिवसांत घराला खरा आधार होता तो ऑक्सिजनच्या रकान्याचा. सहा मिनिटे चालून झाल्यावर आकडा 94 च्या खाली गेला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे ठरलेले होते.

पुढे कोविडवर निर्माट्रेल्विर आणि रिटोनाविर ही गोळ्यांची जोडी आली. आजार गंभीर नसला तरी तो बळावण्याचा धोका ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2022 मध्ये तिची ठाम शिफारस केली. लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करून ती पाच दिवस, दिवसातून दोनदा घ्यायची असते. मात्र रिटोनाविर यकृतातील एका विकराला रोखते, त्यामुळे कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. उलट क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन किंवा फिटवरील कार्बामाझेपिन चालू असेल, तर निर्माट्रेल्विरच निष्प्रभ होते. डॉक्टरांशी बोलण्याआधी घरातला औषधांचा डबा उघडून त्यातील प्रत्येक पाकिटावरचे नाव वाचून दाखवावे, अगदी क्वचित घेतल्या जाणाऱ्या गोळीचेही.

आमच्याकडे दोन स्ट्रिपांतल्या 30 गोळ्या उरल्या. त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्या सुनेसाठी मागितल्या. मेडिकलच्या दुकानांत त्या मिळत नव्हत्या आणि सुनेला ताप होता. फॅविपिराविर गर्भाला घातक असल्याने गरोदरपणात ते देत नाहीत, आणि त्या मुलीला तिसरा महिना होता. आईने गोळ्या दिल्या नाहीत. तिने आमच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तो काकूंना ऐकू येईल असा दारातल्या पायरीवर ठेवला.