टाका नाही, म्हणूनच जपायचं

मघाशी पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली: 'मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा मिनिटांत उरकतं, टाकाही घालत नाहीत, मग महिनाभर एवढी पथ्यं कशाला?' झकास प्रश्न आहे.

टाका नाही, म्हणूनच पथ्यं. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून काढतात त्यात, बुबुळाच्या कडेला साधारण अडीच मिलिमीटरची चीर देतात. ती सरळ आरपार नसते, पायरी घेत तिरकी आत जाते. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आठवा. वाफच झाकण दाबून धरते ना? तसाच डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब ती चीर मिटवून ठेवतो. तुम्ही डोळा चोळलात की दाब वरखाली होतो, झाकण जरासं उचकटतं आणि बाहेरचं पाणी जंतूंसकट आत जाऊ शकतं. म्हणून तर डोक्यावरून आंघोळ काही दिवस बंद.

पूर्वी चीर मोठी असायची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पेशंटला दिवसेंदिवस उताणं निजवत. तो त्रास गेला, पण त्याबरोबर धाकही गेला.

चोळू नका हे सगळ्यांना पाठ असतं. पण माणूस चोळतो झोपेत. त्यासाठीच डोळ्यावर लावायला देतात ती प्लास्टिकची वाटी. पहिला आठवडा तरी रात्री चिकटपट्टीने लावाच. दुपारी डोळा लागणार असेल तर तेव्हाही. आणि मांडीवर नातवंड असेल तर जपून, त्याची मूठ नेमकी डोळ्यावर बसते!

आता थेंब. आमच्याकडे एक आजी तपासणीला आल्या. डोळा लाल. थेंब मात्र अगदी नेमाने चालू. म्हटलं, घालून दाखवा. आजींनी खालची पापणी ओढली, बाटलीचं टोक पापणीला टेकवलं, टपटप तीन थेंब सोडले आणि लगेच पदराने डोळा कोरडा केला. पदराला हळदीचे डाग होते. सकाळी त्याच पदराने त्यांनी दुधाचं पातेलं उतरवलं असणार.

अहो, पापणीच्या त्या खिशात एक थेंबही पुरता मावत नाही. दुसरा घातलात तर पहिल्याला घेऊन गालावर येतो. म्हणून एका वेळी एकच थेंब, आणि दोन औषधांत पाच मिनिटं. हात साबणाने धुवायचे, टोक कशालाही लावायचं नाही. औषध दुधाळ असेल तर बाटली आधी हलवा, ते तळाशी बसतं. बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका. स्टिरॉइडचे थेंब हळूहळूच उतरवायचे असतात. गुलाबपाणी, मध, तूप, काजळ यांतलं काहीही डोळ्यात नको. काळा चष्मा धुळीसाठी आणि उन्हासाठी बरा, पण त्याने जखम भरत नाही.

थोडं खुपणं, पाणी येणं चालायचंच. पण काल दिसत होतं ते आज अंधुक झालं, दुखणं वाढलं, लाली चढली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. सुनेला सुट्टी मिळेपर्यंतही थांबू नका. रिक्षा करा आणि त्याच दिवशी या.