शेवाळ कापायचं, म्हणून वाढवायचं

माशांची टाकी स्वच्छ ठेवायची म्हणजे शेवाळ घासून काढायचं, एवढंच आपल्यापैकी बहुतेकांना दुकानदाराने शिकवलेलं असतं. काच घासायचं चुंबक घ्या, शेवाळ मारायच्या औषधाची बाटली घ्या, दिवा कमी वेळ लावा. मी आज नेमकं उलटं सांगणार आहे. दिवा चांगला कडक लावा, जास्त वेळ लावा आणि शेवाळ भरपूर वाढू द्या. फक्त ते टाकीत नको, टाकीशेजारी, टाकीचं पाणी खेळवलेल्या एका उजेडातल्या जाळीवर. तिथून ते अधूनमधून खरवडून काढायचं.

आधी हिशेब मांडू, कारण हिशेबाशिवाय हे सगळं हौसेचं खूळ वाटेल. माशांच्या दाण्यांत साधारण ४० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र. म्हणजे एक ग्रॅम खाणं टाकलंत की ०.०६ ग्रॅमच्या आसपास नत्र पाण्यात टाकलंत. त्यातलं थोडं माशाच्या अंगी लागतं. बाकीचं मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडतं. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि आपण ‘टाकी सायकल झाली’ म्हणून खूश होतो. पण ते नायट्रेट पुढे कुठे जातं? बहुतांशी कुठेच जात नाही. नत्र टाकीतच राहिलं, फक्त विषारी रूपातून सौम्य रूपात आलं. तुम्ही पाणी बदलता तेव्हा ते मोरीत जातं. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येणाऱ्या सोसायटीत दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला म्हणून सांगणं किती सोपं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. शेवाळाच्या कोरड्या वजनात तीनेक टक्के नत्र धरा. जाळीवरून खरवडलेलं शेवाळ पिळून वाळवलं आणि ते दहा ग्रॅम भरलं, तर ०.३ ग्रॅम नत्र टाकीबाहेर गेलं. नायट्रेटच्या भाषेत ते १.३ ग्रॅम. शंभर लिटरच्या टाकीत म्हणजे लिटरमागे १३ मिलिग्रॅम! ज्यांनी कधी रंग बदलणाऱ्या थेंबांनी नायट्रेट तपासलंय, त्यांना हा आकडा केवढा मोठा आहे ते कळेल. शिवाय फॉस्फेटही थोडं सोबत जातं.

ही कल्पना वॉल्टर एडी यांची. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत ते संशोधन करत. प्रवाळ खडकांवर काम करताना त्यांना एक कोडं पडलं होतं. उष्ण समुद्राचं पाणी इतकं नितळ, इतकं नापीक, तरी त्या खडकांवर एवढी जीवसृष्टी पोसली कशी जाते? त्यातलं बरंचसं उत्तर त्यांना खडकाच्या माथ्यावर मिळालं, जिथे लाट फुटते. तिथे शेवाळाची बुटकी हिरवळ असते. मासे आणि समुद्री अर्चिन ती सतत खुडत असतात, त्यामुळे ती कधी जून होत नाही आणि वाढायची थांबत नाही. एडींनी हेच प्रयोगशाळेत आणलं. उथळ ट्रेमध्ये जाळी, वरून हेलकावणाऱ्या बादलीतून लाटेसारखं आदळणारं पाणी, डोक्यावर प्रखर दिवे आणि माशांच्या जागी खरवडणारा माणूस. १९८० साली स्मिथसोनियनच्या संग्रहालयात या पद्धतीवर चालणारी जिवंत प्रवाळांची टाकी लोकांसाठी खुली झाली. १९८२ साली पेटंट मिळालं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या मोठ्या मत्स्यालयात आणि अ‍ॅरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या बंदिस्त प्रयोग-वास्तूच्या कृत्रिम समुद्रातही असे ट्रे बसवले गेले.

घरगुती शौकिनांपर्यंत मात्र हे यायला बराच काळ लागला आणि एक अडचण होती ती दिव्यांची. त्या काळचे मेटल हॅलाइडचे दिवे वीज खात आणि पाणी तापवत. पुढे लोकांनी ट्रे उभा केला, जाळी टांगली, वरून धबधबा सोडला आणि दोन्ही बाजूंना घरातलेच २३ वॅटचे पिवळे सीएफएल लावले. ते चाललंही. पण ४६ वॅट रोज बारा तास म्हणजे महिन्याला साडेसोळा युनिट. तेवढंच काम एलईडी १२ वॅटमध्ये करते, सव्वाचार युनिटांत.

आता जाळी कसली, हे सगळ्यांना हवं असतं. लोकरीची तोरणं, रुखवतातल्या पर्सा विणायला जी प्लास्टिकची चौकोनी भोकांची जाळी मिळते ना, तीच. भरतकामाच्या दुकानात मिळते. गुळगुळीत ठेवलीत तर पहिल्याच जोरात शेवाळ सटकून खाली. दोन्ही बाजूंनी हॅकसॉचं पातं आडवं-उभं ओढा. बोट फिरवलं की कुसळं टोचली पाहिजेत, इतकी खरखरीत करा. वर पीव्हीसी पाइप, त्याला तीन मिलिमीटरची लांब चीर, त्या चिरेत जाळीची कड. रुंदीच्या दर सेंटिमीटरला ताशी पन्नासेक लिटर पाणी उतरलं पाहिजे. दहा सेंटिमीटर रुंद जाळीला पाचशे लिटर. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी दोन फूट वर चढवायचं असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

एवढं पाणी कशाला? शेवाळाच्या प्रत्येक तंतूभोवती साचल्या पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो आणि अन्न त्यातून हळूहळूच झिरपतं. जोराचं पाणी तो थर पातळ करतं. शिवाय धबधब्याचा पापुद्रा हवेला भिडलेला असल्याने कार्बन डायऑक्साइडही सहज मिळतो. लाट फुटते त्या खडकावरही हेच होत असतं.

आता दिव्याकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात.

१८८२ मध्ये थिओडोर एंगलमान या जर्मन शास्त्रज्ञाने एक देखणा प्रयोग केला. धाग्यासारखं हिरवं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, त्यावर लोलकाने फोडलेला प्रकाश पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले, हिरव्यात फार थोडे. म्हणजे शेवाळ कुठल्या रंगात जोरात काम करतं, ते जिवाणूंनीच दाखवून दिलं. आज आपण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीची गडद तांबडी आणि ४५० च्या आसपासची निळी एलईडी लावतो, ती याच दोन पट्ट्यांमध्ये बसते.

तांबडी जास्त, निळी थोडी. याला कारण आहे. प्रकाशसंश्लेषण फोटॉन मोजतं, ऊर्जा नाही. निळा फोटॉन ऊर्जेने भारी असतो, पण शेवाळाच्या लेखी तोही एकच. एक वॅट तांबड्या प्रकाशात एक वॅट निळ्यापेक्षा जवळपास दीडपट फोटॉन असतात. म्हणून बहुतेक सगळी तांबडी घ्या आणि चार-पाच तांबड्यांमागे एक निळी. नुसत्या तांबड्यावरही शेवाळ येतं, थोडा निळा असला की वाढ बरी दिसते. हे रंग जमवायचा कंटाळा असेल, तर ३००० केल्विनची साधी पिवळसर पांढरी एलईडी लावा. तिच्यात तांबडा भाग बऱ्यापैकी असतो, काम होतं. पांढऱ्या शुभ्र ६५०० वर पैसे घालू नका.

दिवा घेताना लुमेनचा आकडा बघायचा नाही. लुमेन माणसाच्या डोळ्यासाठी मोजलेलं असतं आणि आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त दिसतो तो हिरवा-पिवळा. ६६० चा दिवा तुम्हाला मंद वाटेल. दुकानदार म्हणेल, साहेब, हा घ्या, जास्त उजेड आहे. घेऊ नका. आणि मंद वाटतो म्हणून त्याच्याकडे टक लावून बघू नका, डोळ्यात जाणारा प्रकाश मंद नसतो.

सीएफएलचा उजेड पसरट होता, एलईडीचा झोत असतो. जाळीच्या मधोमध झोत पडला की तिथलं शेवाळ पिवळं पडतं किंवा उगवतच नाही, कडेला मात्र हिरवंगार. लोकांना वाटतं उजेड कमी पडला आणि ते आणखी एक पट्टी लावतात! गरजेपेक्षा जास्त प्रकाश आला की पेशीतली यंत्रणाच बिघडते. दिवा मागे घ्या, किंवा एका मोठ्या एलईडीऐवजी चार छोट्या पसरून लावा, किंवा मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवा. नव्या जाळीला पहिले दोन-तीन आठवडे सात-आठ तास पुरे. मग हळूहळू बारा-चौदापर्यंत जा. चोवीस तास मात्र नको, शेवाळाला अंधारही लागतो.

हे तास रात्रीचे ठेवा. टाकीचा दिवा बंद झाला की श्वसनाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. त्या वेळी जाळी उजेडात असली की ती तो शोषते आणि पीएचची घसरण कमी होते. समुद्री टाकीवाल्यांना याचं मोल जास्त कळेल. साधा टायमर दिवाणखान्यातला जांभळा उजेड पाहुण्यांपासूनही वाचवतो.

जाळी वाचायला शिका. पहिल्या आठवड्यात तपकिरी लगदा येतो. घाबरू नका, हलक्या हाताने पुसा, सगळं धुऊन टाकू नका. मग हिरवे केस फुटतात. शेवाळ काळपट, डांबरासारखं चिकट येत असेल, तर पाण्यात अन्न जास्त आणि प्रकाश कमी. पिवळं आणि रबरासारखं येत असेल, तर उलट. केसाळ, हिरवं आणि पिळल्यावर मुठीत गोळा होणारं, असं हवं. दर सात ते चौदा दिवसांनी खरवडा, पण मुळाशी हिरवी झाक राहू द्या. जाड झालं तर आतल्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो, सुटतो आणि खाल्लेलं सगळं नत्र टाकीत परत करतो. न कापलेली जाळी म्हणजे फिल्टर नव्हे, उधारखातं आहे.

मागून प्रश्न आलाय, ‘सर, आमच्याकडे लाइट जाते, त्याचं काय?’ रास्त प्रश्न. धबधबा थांबला की जाळी सुकायला लागते. उन्हाळ्यात तीन-चार तास गेले की वरचं शेवाळ मेलं समजा. पंपाला छोटा इन्व्हर्टर देता आला तर उत्तम, दिव्याला नाही दिला तरी चालेल. नाहीतर धबधब्याचा नाद सोडा आणि टाकीतच बुडालेल्या जाळीवर खालून हवेचे बुडबुडे सोडणारा प्रकार करा. तो सुकत नाही, वाढ मात्र जरा मऊ येते. आणि पंप बंद झाल्यावर पाइपातलं सगळं पाणी खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पंप ठेवलेल्या खालच्या पेटीत, उतरतं, तेवढी जागा त्यात रिकामी ठेवलेली असू द्या. पाणी आणि वीज शेजारी आहेत, तेव्हा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, हवाच. वायर प्लगला जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळ प्लगमध्ये शिरणार नाही.

हे कोणी करू नये? ज्यांची टाकी जिवंत वनस्पतींनी भरलेली आहे त्यांनी. तुमच्या वनस्पती हेच काम करताहेत, त्यांच्या ताटातलं कशाला काढता? गोल्डफिश, ऑस्कर आणि इतर सिक्लिड असे खादाड आणि झाडं उपटणारे मासे असतील, तर मात्र याच्यासारखं दुसरं नाही. शेवाळ पाण्यात काही पदार्थ सोडतं, त्याने पाणी पिवळसर होतं, तेव्हा थोडा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. आणि पाणी बदलणं पूर्ण थांबणार नाही. क्षार साठतात ते शेवाळ खात नाही.

खरवडलेल्याचं काय करायचं, हे नेहमी विचारतात. माशांना खायला घालू नका असं मी म्हणणार नाही, आवडीने खातात. पण मग ते नत्र पुन्हा हिशेबात धरा. गोड्या पाण्यातलं असेल तर सरळ कुंडीत मातीखाली दाबा. खाऱ्या पाण्यातलं आधी दोन-तीनदा धुवा, नाहीतर तुळस जाईल आणि घरून बोलणी खाल.