भस्म मूठभर, बाकी सगळं मातीला

बंधू-भगिनींनो, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, भस्म बुधवारी, कपाळावर राख लागते तेव्हा जे वाक्य कानावर पडतं ते उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं आहे: माणूस माती आहे आणि मातीलाच मिळणार आहे. हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्यामध्ये कधीही येतो. त्या वेळी निपाणी, चिकोडी, अथणीकडं साखर कारखान्यांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो, उसाचे फड रिकामे होत असतात आणि खानापूरच्या बाजूला पानगळ चालू असते. संध्याकाळी हमरस्त्यावरून बघावं तर शिवारात धूर. मातीची आठवण करायच्या आठवड्यातच आपण मातीचं अन्न पेटवतो. प्लास्टिकचे ग्लास आणि वाया जाणारी वीज यांवर प्रायश्चित्तकाळात दरवर्षी बोलणं होतं, ते व्हावंही. पण पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर फडात उरणारा वाळका पाला, राहून जातं, म्हणून आज त्याच्यावर.

आधी चर्चला लागणाऱ्या राखेचं बघू. ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, पात्यांची करतात. घरोघरी क्रुसामागं खोचलेली पाती आठ-दहा दिवस आधी गोळा करावीत, उन्हात कडकडीत वाळवावीत. रिबन, प्लास्टिकची फुलं, टाचण्या काढून टाकाव्यात. लोखंडी घमेल्यात जाळून, पूर्ण गार झाल्यावर कुटून, पातळ कापडातून चाळावी. एवढ्या मंडळीला मूठभर राख पुरते. तिच्यात पाणी मात्र घालू नये. झाडाच्या राखेत पोटॅशचे क्षार असतात. पाणी पडलं की ती दाहक होते आणि कपाळाची कातडी भाजल्याचे प्रकार घडतात. कोरडीच लावावी, नाहीतर थेंबभर खाद्यतेलात कालवावी.

नव्या झावळ्या तोडतानाही हात आवरावा. नारळाला वाढीचा कोंब एकच. कोवळी पांढरी पाती हवीत म्हणून शेंड्यात कोयता घातला तर माड जातो. खालची, पूर्ण वाढलेली एक झावळी घ्यावी. तिला दोनशेच्या आसपास पाती असतात, म्हणजे एका झावळीत लहान मंडळीचं काम भागतं. प्रत्येकाच्या हातात अख्खी झावळी कशाला?

आता पाचट. एका एकरात साधारण ३ ते ४ टन निघतं. एका टनात चार-पाच किलो नत्र असतं. पेटवलं की ते जवळजवळ सगळं धुरातून जातं. पालाश राखेत उरतं, पण वारा आला की तीही बांधापलीकडं. शिवाय वरच्या थरातले जीवजंतू मरतात, बांधावरची झाडं होरपळतात, शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या वितळतात. तोडणी टोळीच्या खोपी फडाच्या कडेलाच असतात. तो धूर आधी त्यांच्या पोरांच्या छातीत जातो. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाची परीक्षा दुबळ्याच्या मानेवरचं जू उतरलं का यावर केली आहे. शुक्रवारी मटण सोडलं आणि शनिवारी फड पेटवला, तर त्या परीक्षेत आपण कुठं बसतो, हे ज्यानं त्यानं बघावं.

जाळण्यामागं कारणं आहेत, ती आळसाची नाहीत. सरीत पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, पिवळा पडतो. यातलं शेवटचं कारण सगळ्यात खरं आहे आणि त्यावरच लोक हार मानतात. पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. बाहेरून दिलं नाही तर ते जमिनीतलं उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. दोष पाचटाचा नसतो, पुरवणी न दिल्याचा असतो.

पद्धत अशी. तोडणी झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना काढून घ्यावं. बुडख्यांवरचं पाचट बाजूला ओढून सरीत सारखं पसरावं. बुडखे झाकले राहिले तर फुटवे पिवळे, लांबुडके येतात. धारदार कोयत्यानं बुडखे जमिनीलगत छाटावेत, त्यावर एक लिटर पाण्यात एक ग्रॅम कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक मिसळून फवारावं. मग टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचटावर फोकावं. पाचट कुजवणारं जिवाणू खत टनाला १ किलो. ते युरियात कालवू नये, चाळलेल्या शेणखतात मिसळून वेगळं टाकावं. लगेच पाणी द्यावं आणि पाचट पायानं दाबून मातीला टेकवावं. पहिलं पाणी हळू सरकतं, खरं आहे; दाबलेल्या पाचटातून पुढचं बरं जातं. पाणी कमी असेल तर एका सरीत पाचट, शेजारची मोकळी, असंही करता येतं. ईस्टरपर्यंत सगळं कुजेल अशी आशा धरू नये, तीन-चार महिने लागतात. एप्रिलच्या उन्हात ओल तुटली तर काम थांबतं. तोवर आच्छादनाचा फायदा मात्र चालूच असतो: तण कमी, पाण्याची पाळी लांबते.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या पत्रात पर्यावरणासाठी मनपरिवर्तन हवं असं लिहिलं. लेवीय पुस्तकानं त्याच्या कितीतरी आधी सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलंय. आपल्या भागात ऊस सुटत नाही, विसावा कुणी देणार नाही. निदान तिचा पाला तरी तिला ठेवावा.

खानापूर, नंदगडकडच्या मंडळींना ऊस कमी, पाला जास्त. चर्चच्या आवारात तो झाडून पेटवतात. त्याऐवजी खड्डा न काढता जमिनीवरच मीटरभर लांब, रुंद, उंच ढीग करावा. खड्ड्यात त्या भागातला पाऊस साचतो आणि खत सडतं. तीन टोपल्या वाळका पाला, एक टोपली शेण किंवा ओला कचरा. मूठ दाबली की एक-दोन थेंब निघावेत, इतकीच ओल. चार दिवसांनी लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. आठवड्याला एकदा उलथावा. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. मुंग्या म्हणजे कोरडा. सागाचं पान मोठं आणि चिवट, एकावर एक चिकटून बसतं; तुडवून तुकडे केल्याशिवाय घालू नये. निलगिरी, सुरूचा पाला थोडाच.

ईस्टरला ढीग निम्मा बसलेला दिसेल, पण तेव्हा वापरू नये. कच्चं खत रोपाची मुळं जाळतं. मेअखेर, पाऊस लागायच्या आत उपसून चाळावं आणि शेडात घ्यावं. चाळणीवर उरलेला जाडाभरडा भाग फेकू नये. पुढच्या ढिगाला तोच विरजण.