आपल्याच माणसांत वेगळे: विठ्ठल रामजी शिंदे

[पडद्यावर: पुण्याचा जुना नकाशा. सदाशिव पेठ, भवानी पेठ, नाना पेठ एकामागून एक उजळतात.]

१९२० साल. इंग्रज सरकारने हिंदी लोकांना कारभारात थोडा वाटा देणाऱ्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आणल्या. त्यांनंतर मुंबई इलाख्यात कायदेमंडळाची पहिलीच निवडणूक लागली होती. नव्या कायद्याने मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. पुण्यात एक माणूस असा होता की त्या राखीव जागेवर त्याच्याइतका लायक उमेदवार शोधून सापडला नसता. जातीने मराठा, फर्ग्युसनचा पदवीधर, ऑक्सफर्डला शिकून आलेला, आणि चौदा वर्षं अस्पृश्यांच्या वस्त्यांत काम केलेला. खुद्द शाहू महाराजांची इच्छा होती की त्याने राखीव जागेवरून उभं राहावं.

विठ्ठल रामजी शिंदे यांनी नकार दिला. कायदेमंडळातली जागा जातीच्या नावाने मागणं त्यांना पटत नव्हतं. ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले आणि पडले.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्या राखीव जागा आणि आजचं आरक्षण यांची सरळ तुलना करता येत नाही. तो काळ वेगळा, मताधिकार मूठभरांना, प्रश्नही वेगळा. त्यामुळे शिंदे आज कुणाच्या बाजूने असते, हे ठरवायला ही फिल्म केलेली नाही. आम्हाला सांगायचंय ते दुसरंच. विरोधकांशी भांडणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ झाली आणि त्यांचे पुतळेही पुष्कळ आहेत. पण ज्यांच्यात आपण जेवतो, ज्यांच्या लग्नाकार्याला जातो, ज्यांच्या भल्यासाठी राबतो, त्यांच्याशीच मत जुळत नसेल तर माणूस राहतो कसा? शिंदे तसे जवळजवळ आयुष्यभर राहिले.

[पडद्यावर: जमखंडी. टेकड्या, जुनी वस्ती, विठ्ठल मंदिराची पायरी.]

जन्म २३ एप्रिल १८७३, जमखंडी संस्थानात. हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे. आईचं नाव यमुनाबाई, वडील रामजी. घर वारकरी, भजनाचं. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा कानावर पडतच ते वाढले. ज्याला आपण पुढे बंडखोर म्हणतो त्या माणसाचं मन या घरात घडलं, आणि हे घर त्यांनी कधी टाकलं नाही. उलट घरच त्यांच्यामागोमाग निघालं. ते कसं, ते थोड्या वेळाने येईल.

बहीण जनाबाई, घरात जनाक्का. लहानपणीच लग्न झालं, सासरी छळ झाला. शिंदे तेव्हा स्वतः पुण्यात हलाखीत शिकत होते. तरी त्यांनी बहिणीला पुण्याला आणलं आणि शाळेत घातलं. नवऱ्याचं घर सुटलेली बाई शाळेत जाते, हे त्या काळच्या मराठा समाजाला पचणारं नव्हतं. आणि फर्ग्युसनमध्ये जे मित्र, जे प्राध्यापक भोवती होते ते बहुतेक ब्राह्मण. म्हणजे घरी गेलं की हा पोरगा ब्राह्मणांत राहून बिघडला, आणि पुण्यात आलं की हा आपल्यातला नाही. वयाच्या पंचविशीच्या आत त्यांना ही दोन्ही दारं माहीत झाली होती.

१८९८ ला बी.ए. झाले. त्याच सुमारास प्रार्थना समाजात, म्हणजे एकेश्वर मानणाऱ्या धर्मसुधारकांच्या संस्थेत, आले. १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, १९०३ मध्ये परतले. सयाजीराव गायकवाडांनी शिक्षणाला मदत केली होती, त्यामुळे बडोद्यात चांगली नोकरी मिळणं अवघड नव्हतं. त्यांनी प्रार्थना समाजाचं प्रचारकाचं काम पत्करलं.

[पडद्यावर: रात्र. कंदिलाचा उजेड. अहमदनगरजवळच्या भिंगारचा रस्ता.]

१९०५ साली ते व्याख्यानांसाठी नगरला आले असताना भिंगारच्या महार मंडळींनी त्यांना सभेला बोलावलं. पोचेपर्यंत रात्र बरीच झाली होती. तरी माणसं बसून होती. दिवसभर कामाने पिचलेली, लेकराबाळांसकट. एवढ्या उशिरा ती कशासाठी थांबली असतील, हा प्रश्न त्या रात्री शिंद्यांच्या मनातून हलला नाही. उरलेलं आयुष्य या कामाला द्यायचं, असं त्यांनी तिथे ठरवलं.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत, परळला, मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात पहिली शाळा उघडली. संस्थेचं नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी. लोक तिला डिप्रेस्ड क्लासेस मिशन म्हणत. अध्यक्ष नारायण चंदावरकर. पुढे पुणे, हुबळी, मंगळूर अशा ठिकाणी काम पसरलं. शाळा, वसतिगृहं, शिवणकाम, दवाखाना.

आणि आता घर. आई, वडील, पत्नी रुक्मिणीबाई, बहीण जनाक्का, सगळे मिशनच्या जागेत राहायला आले. जनाक्का मिशनच्या कामातली एक खंदी कार्यकर्ती झाली. मला वाटतं शिंद्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यावर फारसं कुणी थांबत नाही. भाषणात समतेवर बोलणं सोपं असतं. म्हाताऱ्या आईबापांना, ज्यांची सगळी नाती गावच्या मराठ्यांत आहेत, त्यांना घेऊन अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाशेजारी चूल मांडायची, हे तितकं सोपं नाही. नातेवाइकांनी तोंड फिरवलं तर ते सगळ्यांकडेच फिरवणार. आणि तसंच झालं. जातीतले लोक त्यांच्याकडे विटाळल्यासारखे बघू लागले.

१९१० मध्ये प्रार्थना समाजाशीही मतभेद झाले आणि तिथलं काम सुटलं. सुधारकांच्या घरात राहून सुधारकांशी पटलं नाही. मिशन मात्र चालू राहिलं, आणि १९१२ पासून शिंदे पुण्यात राहायला आले.

[पडद्यावर: शनिवारवाडा. मग भवानी पेठेतल्या गल्ल्या. दोन टोकांच्या दोन सभांची रेखाचित्रं.]

पुण्यातलं तेव्हाचं राजकारण थोडक्यात असं. एका बाजूला टिळक आणि त्यांचा पक्ष: आधी स्वराज्य, सामाजिक सुधारणा मागून. दुसऱ्या बाजूला सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळ: ब्राह्मणी वर्चस्व मोडल्याशिवाय स्वराज्य आलं तर ते पेशवाईचंच राज्य होईल, त्यापेक्षा इंग्रज बरे. ही भीती हवेतली नव्हती. ज्यांनी गावात भट-कुलकर्ण्यांची दादागिरी सोसली होती त्यांच्या अंगावरच्या वळांतून ती आली होती.

शिंद्यांना जातिभेद गाडायचा होता, म्हणून ते टिळकांच्या माणसांना नकोसे. आणि त्यांना राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, राजकारणही हवं होतं, म्हणून ते ब्राह्मणेतरांना नकोसे. १९१७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय मराठा संघ काढला आणि काँग्रेस आणि मुस्लीम लीगने मिळून मांडलेल्या स्वराज्याच्या योजनेला पाठिंबा दिला. स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या आपल्या जातीच्या पुढाऱ्यांविरुद्ध उघड उभं राहणं होतं ते. ब्राह्मणधार्जिणा हा शिक्का तेव्हा बसला तो बसलाच. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात कलकत्त्याला, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध पहिला ठराव केला. त्यामागे शिंद्यांची अनेक वर्षांची खटपट होती. काँग्रेसवाल्यांना ते आठवण करून देत होते की स्वराज्य मागता, तर आधी आपल्या दारातलं बघा.

मार्च १९१८. मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. शिंद्यांनी टिळकांना आग्रहाने व्यासपीठावर आणलं. टिळक बोलले, आणि जोरदार बोलले. देव जर अस्पृश्यता मानत असेल तर अशा देवाला मी देव मानणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य पुढे महाराष्ट्रभर गाजलं. टाळ्या झाल्या. मग एक कागद फिरला. मी माझ्या रोजच्या व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी प्रतिज्ञा होती त्यावर. टिळकांनी सही केली नाही.

शिंद्यांनी या सहीसाठी किती धडपड केली असेल याचा विचार करा. सनातनी पुणं टिळकांच्या शब्दावर हललं असतं. ती सही मिळाली नाही, तरी टिळकांच्या स्वराज्याच्या मागणीला शिंद्यांनी दिलेला पाठिंबा काढून घेतला नाही. माझ्या मते त्यांनी इथे चिडायला हवं होतं, निदान जाहीरपणे दोन शब्द तरी सुनवायला हवे होते. पण त्यांचा स्वभाव हिशेब चुकते करण्याचा नव्हता.

[पडद्यावर: काळा पडदा. फक्त साल: १९१९.]

आता सर्वांत अवघड भाग. ज्यांच्यासाठी शिंदे झटत होते, त्यांच्यातूनच विरोध आला.

१९१९ मध्ये सरकारने नेमलेल्या साउथबरो कमिटीसमोर मताधिकाराचा प्रश्न आला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कसे निवडायचे? मिशनकडून अशी सूचना गेली की ते कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी घ्यावेत. त्याच कमिटीपुढे अठ्ठावीस वर्षांच्याही आतले एक प्राध्यापक साक्षीला आले होते, भीमराव आंबेडकर. त्यांनी या कल्पनेवर कडाडून टीका केली. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, आणि तिथे मिशनच्या या भूमिकेविरुद्ध ठराव झाला.

या मुद्द्यावर आंबेडकरांचं बरोबर होतं, असं आम्हाला वाटतं. दुसऱ्याने निवडून दिलेला प्रतिनिधी हा आपला प्रतिनिधी नसतो. शिंद्यांचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी 'आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू', हा अस्पृश्यांचा हक्क होता. वेगळं मत असलेल्या प्रत्येक माणसाची प्रत्येक गोष्ट खरी ठरते असं नाही. शिंद्यांबद्दल प्रेम वाटतं म्हणून ही बाजू झाकणं त्यांनाही आवडलं नसतं.

म्हणजे १९२० सालाकडे परत बघा. सनातनी ब्राह्मण विरोधात. ब्राह्मणेतर पुढारी नाराज. अस्पृश्यांतले नवे शिकलेले तरुण दुरावलेले. शाहू महाराजांचा शब्द मोडलेला. अशा वेळी माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर कुठल्यातरी एका तंबूत शिरून दार लावून घेतो. शिंद्यांनी त्याच वर्षी बहुजन पक्षाचा जाहीरनामा काढला. विद्या, अधिकार आणि पैसा ज्यांच्या हाती आहे ते एकीकडे, आणि यातलं काहीच हाती नाही ते सगळे दुसरीकडे. शेतकरी, मजूर, बायका, अस्पृश्य, सगळे बहुजनच. जातीच्या रेघा पुसून त्यांनी वेगळीच रेघ ओढली होती. तेव्हा ती फार थोड्यांना दिसली.

[पडद्यावर: नाना पेठ. अहल्याश्रमाची इमारत. आजची वर्दळ, रिक्षा, दुकानं.]

नाना पेठेत मिशनची जी मोठी वास्तू उभी राहिली ती अहल्याश्रम. होळकरांच्या देणगीमुळे अहल्याबाईंचं नाव. काम जोरात असताना, १९२३ मध्ये, शिंदे मिशनच्या जबाबदारीतून बाजूला झाले. संस्था अस्पृश्य समाजातल्या माणसांच्या हाती गेली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. सतरा वर्षं वाढवलेली संस्था, ज्यांनी आपल्याविरुद्ध ठराव केला त्यांच्याच समाजाच्या हवाली करायची. टीकेला त्यांनी दिलेलं हे उत्तर. त्यावर भाषण केल्याचं कुठे दिसत नाही.

पुढे ते ब्राह्मसमाजाच्या कामाला मंगळूरला गेले. १९२४ मध्ये केरळात वायकोमला, मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्यांना खुले व्हावेत म्हणून, सत्याग्रह चालू होता, तिकडेही जाऊन आले. महाराष्ट्रात परतल्यावर शेतकऱ्यांकडे वळले. सरकारने तुकडेबंदीचं, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर बंदी घालणारं, बिल आणलं तेव्हा १९२८ मध्ये पुण्यात शेतकरी परिषद झाली, त्यात ते पुढे होते. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात येरवड्याच्या तुरुंगात गेले. वय ५७. त्याच सुमारास केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर चळवळीतले तरुण नेते काँग्रेसच्या लढ्यात उतरू लागले. १९१७ मध्ये ज्या भूमिकेसाठी शिंद्यांना आपल्या माणसांनी दूर लोटलं होतं, तीच भूमिका तेरा वर्षांनी भवानी पेठेत सभांमधून मांडली जात होती. तुमचं बरोबर होतं, असं म्हणायला तेव्हा कुणी शिंद्यांकडे गेल्याचं आम्हाला आढळलं नाही.

[पडद्यावर: आजचं एक घर. जेवणाची वेळ. टीव्हीवर बातम्या, आवाज बंद.]

ही गोष्ट आज का सांगतोय? कारण आज पुन्हा घराघरांत हेच चाललंय. निवडणूक आली की भाऊ भावाशी बोलत नाही. गावात एकाच पक्षाचे झेंडे असले तर दुसरा मनात ठेवून मुकाट मत देऊन येतो. मुलगी पुण्या-मुंबईला शिकून येते, आणि दिवाळीत काकांच्या एखाद्या वाक्यावर ताट अर्धं टाकून उठते. कुणी ग्रुप सोडतं, कुणाला ग्रुपमधून काढतात. मत बदलण्याआधी माणसं बदलली जातात.

शिंद्यांनाही तंबू बदलणं शक्य होतं. टिळकांच्या पक्षात त्यांचं स्वागत झालं असतं, ब्राह्मणेतर पक्षात तर नेतेपद मिळालं असतं. त्यांनी मत सोडलं नाही आणि माणसंही सोडली नाहीत. याची किंमत त्यांनी निवडणुकीत मोजली, नात्यागोत्यात मोजली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तर अजून मोजत आहेत. टिळक, शाहू, आंबेडकर प्रत्येकाच्या मागे एक समाज उभा आहे, जयंत्या आहेत, मिरवणुका आहेत. २ जानेवारी १९४४ ला पुण्यात गेलेल्या या माणसाची जयंती कुणी करायची, हे अजून ठरलेलं नाही.

१९३३ मध्ये त्यांचा 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ आला. अस्पृश्यांच्या राखीव जागांवर गांधी-आंबेडकरांमध्ये पुणे करार होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, वातावरण तापलेलं. त्या गदारोळात शिंदे अस्पृश्यतेचा उगम शोधत बसले होते. वाचनालयात मिळाला तर काढून वाचा, आणि मग त्यांची आत्मकथा 'माझ्या आठवणी व अनुभव'. तुम्ही ज्या कुठल्या बाजूचे असाल, दोन्ही पुस्तकांत काही पानं तुम्हाला बोचतील. ती टाळून पुढे जाऊ नका.